टर्बो गाडीला घरगुती कोल्ड एअर इंटेक: पाईप कापण्याआधी

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. एक लिटरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक, वॉरंटी नुकतीच संपलेली, रोजचा प्रवास गोव्यात म्हापसा ते वेर्णा. एप्रिल-मेच्या दुपारी एसी लावला की गाडी दमल्यासारखी वाटते. म्हणून कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून ३ इंची पीव्हीसी पाईप आणि ऑनलाइन मिळणारा कोन (शंकूच्या आकाराचा, उघडा) फिल्टर लावायचा विचार आहे. फिल्टर डाव्या फॉग लॅम्पच्या मागे, बंपरच्या आत, म्हणजे थंड हवा थेट लागेल. पॉवर किती वाढेल आणि पावसाळ्यात काही त्रास होईल का, हे दोन प्रश्न.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते कुठल्याही गाडीला लागू आहे: होईल, आणि साधासुधा होणार नाही. पहिल्याचं उत्तर गाडीवर अवलंबून आहे, पण तुम्ही मनात धरलं असेल त्याच्या जवळपासही पोचणार नाही. मुळात दुखणं आहे ते "उन्हात गाडी ओढत नाही" हे. इंटेक, म्हणजे इंजिनाला हवा पोचवणारी वाट, हा त्यावरचा तुमचा एक अंदाज झाला. फोंड्याकडे माझं गॅरेज आहे, टर्बो गाड्यांचंच काम जास्त येतं, आणि ही तक्रार घेऊन आलेल्या गाडीत इंटेकचा पाईप छोटा आहे म्हणून ती दमते असं क्वचितच निघतं.

आधी बॉनेट उघडा आणि फिल्टरच्या डब्याला हवा कुठून येते ते बोटाने चाचपत जा. बहुतेक छोट्या टर्बो गाड्यांत डब्यातून एक चपटं प्लास्टिकचं नळकांडं निघतं आणि ग्रिलच्या वर, रेडिएटरच्या पुढे त्याचं तोंड उघडतं. इंजिनाच्या गरम हवेपासून वेगळं, बाहेरच्या हवेत. म्हणजे कोल्ड एअर इंटेक तुमच्या गाडीत कंपनीनेच दिलेला आहे. तो काढून बॉनेटखाली उघडा कोन बसवला तर गाडी रेडिएटरच्या पंख्याने मागे फेकलेली हवा ओढणार. पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये बॉनेटखालची हवा ५५-६० अंशांवर सहज जाते. तुम्ही कोन खाली बंपरमध्ये नेताय, त्यामुळे तो गरम हवेतून सुटेल हे खरं. पण मूळ नळकांडंही बाहेरचीच हवा घेत होतं. मग नवं काय मिळालं?

आता टर्बोचा हिशेब, कारण इथेच साध्या इंजिनाचं ज्ञान फसवतं. टर्बो नसलेल्या गाडीत आत येणारी हवा १० अंशांनी थंड केली की तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढते आणि ते बऱ्यापैकी थेट इंजिनाला मिळतं. टर्बोत मधे दोन गोष्टी येतात. पहिली, कंप्रेसर हवा दाबताना स्वतःच ती तापवतो. बाहेरची हवा ३३ अंश, दाब १.८ पट आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर टर्बोतून हवा बाहेर पडते ती साधारण ११३ अंशांची. तीच हवा बॉनेटखालून ६० अंशांची घेतली तर सुमारे १४७. दुसरी गोष्ट इंटरकूलर, म्हणजे टर्बोत तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारी जाळी. तो ७० टक्के काम करतोय असं धरलं तर पहिल्या हवेचे ५७ अंश होतात, दुसरीचे ६७. म्हणजे तोंडाशी २७ अंशांचा फरक इंजिनापाशी पोचेपर्यंत १० अंशांवर येतो. हे गणित कागदावरचं आहे, प्रत्येक गाडीत आकडे हलतील, पण कल ओळखायला पुरेसं आहे. आणि लक्षात घ्या, २७ अंश हा फरक उघड्या कोनाचा आणि थंड हवेचा आहे. चांगल्या स्थितीतल्या कंपनीच्या डब्याचा आणि तुमच्या बंपरमधल्या कोनाचा फरक चालत्या गाडीत चार-पाच अंशही निघाला तर पुष्कळ. इंजिनापाशी त्यातले दीड-दोन अंश उरतात.

शिवाय ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, तुम्हाला हवं तेवढं टॉर्क मोजून देतो. हवा थोडी गरम असली तर तो वेस्टगेट (टर्बोला वळसा देऊन धूर सोडणारी झडप) आणखी थोडा बंद ठेवून बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, भरून काढतो, अर्थात टर्बोकडे शिल्लक असेल तोवर. म्हणून असल्या बदलाचा फायदा टर्बो गाडीत पॉवरपेक्षा टर्बोवरचा ताण थोडा कमी होण्यात दिसतो, तोही वरच्या आरपीएमला. आणि आपल्या हवेबद्दल एक गंमत: मेमध्ये ३३ अंश आणि ७५ टक्के दमट हवेत जवळजवळ ४ टक्के भाग नुसती वाफ असते. तेवढा ऑक्सिजन गोव्याने आधीच कापून घेतलाय, त्यावर कुठलाही पाईप उपाय नाही.

पाईपच्या आकाराचं म्हणाल तर १०० पीएसच्या आसपासच्या इंजिनाला पूर्ण जोरात सेकंदाला ६०-७० लिटर हवा लागते. अडीच इंची पाईपमधून ती सेकंदाला २० मीटरच्या आसपास वेगाने जाते. एवढ्या वेगाला सरळ, गुळगुळीत पाईपमध्ये अडथळा नगण्य असतो. ३ इंची करून हाती लागतो तो बॉनेटखाली जागा शोधायचा त्रास. खरा अडथळा असतो फिल्टरमध्ये, तीक्ष्ण वळणांत आणि तुंबलेल्या तोंडात.

हे मोजता येतं, आणि मी लोकांना नेहमी आधी मोजायला सांगतो. मत्स्यालयाच्या दुकानातली पारदर्शक नळी घ्या. लाकडाच्या लांब पट्टीवर तिचा यू आकार करून बांधा, दोन्ही बाजू मीटरभर उंच ठेवा, आत रंगीत पाणी अर्ध्यापर्यंत. एक टोक उघडं. दुसऱ्या टोकाला नळी जोडून ती फिल्टरनंतरच्या बाजूला, म्हणजे फिल्टर आणि टर्बोच्या मधे, न्यायची. त्यासाठी स्क्रॅपवाल्याकडून डब्याचं जादा झाकण आणून त्याला भोक पाडा, स्वतःच्या झाकणाला नको. भोकात रबरी ग्रोमेट, त्यात नळी घट्ट. नळी बॉनेटच्या फटीतून काचेपर्यंत आणायची आणि पट्टी शेजारी बसलेल्या माणसाने धरायची, चालवणाऱ्याने नाही. मोकळा चढ बघून तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबा, शेजाऱ्याने दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक वाचायचा. १०० मिलीमीटर म्हणजे साधारण १ किलोपास्कल, म्हणजे हवेच्या दाबाचा १ टक्का. समजा २५० आले. तुमच्या नव्या पाईपने ते निम्म्यावर आणलं तरी हाताला लागला सव्वा टक्का, आणि तोही ईसीयू बहुधा बूस्टमध्ये जिरवून टाकणार. पण ५०० आले तर? तर फिल्टर काढून पुन्हा मोजा. आकडा धाडकन खाली आला तर दोष फिल्टरचा. नाही आला तर नळकांड्यात काहीतरी अडकलंय.

अडकलेलं असतंच बरेचदा. आंब्याच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत मोहोर आणि पाला नळकांड्याच्या तोंडाशी येऊन चिखलासारखा घट्ट बसतो. डिचोली, सावर्डे, कुडचडे भागातल्या गाड्यांत फिल्टरच्या घड्या तांबड्या धुळीने भरून जातात. खनिजाच्या ट्रकांमागे चालणाऱ्यांनी सर्व्हिस पुस्तिकेतलं अंतर विसरावं, निम्म्यावर फिल्टर बघावा. डबा उघडलात की फिल्टरपलीकडच्या, टर्बोच्या बाजूच्या भिंतीवरून पांढरं फडकं फिरवा. फडकं कोरं निघालं पाहिजे. एका कडेला तांबूस रेघ उमटली तर फिल्टर तिरका बसलाय किंवा झाकणाची एक क्लिप मागच्या सर्व्हिसला नीट लागली नाही, आणि धूळ थेट टर्बोच्या चाकावर जातेय. मला हे दिसतं तेव्हा मालक पॉवरबद्दल बोलत असतो आणि मी त्याला ती रेघ दाखवत असतो.

तुमच्या तक्रारीसाठी मात्र मी पहिला संशय इंटरकूलरवर घेईन. तो पुढे, बंपरच्या आत खाली बसवलेला असेल तर टॉर्च मारून त्याचा खालचा तिसरा भाग बघा. मातीचा थर, किडे, प्लास्टिकची पिशवी, आणि किनाऱ्याजवळच्या गाड्यांत खाऱ्या हवेने कुजून भुकटी होत चाललेल्या पाकळ्या. साध्या पाण्याने, कमी दाबाने, शक्य झालं तर आतून बाहेर धुवा. प्रेशर वॉशर जवळ धरलात तर पाकळ्या झोपतात आणि मग त्या सरळ करायला आयुष्य कमी पडतं. काही इंजिनांत इंटरकूलर पाण्याने थंड होणारा, इनटेक मॅनिफोल्डमध्येच (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागात) बसवलेला असतो. तसं असेल तर त्याच्या कूलंटची पातळी आणि त्याचा छोटा पंप बघायला हवा.

त्यानंतर गाडीच्या सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवणारा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर. हजाराच्या आत मिळतो. इनटेक एअर टेम्परेचर लावा आणि चोर्ला घाट एकदा दुपारी चढा. आकडा वाचण्याआधी सेन्सर कुठे आहे ते कळायला हवं: फिल्टरच्या डब्याजवळ असेल तर तो टर्बोच्या आधीची हवा सांगतो, मॅनिफोल्डवर असेल तर इंटरकूलरच्या नंतरची. बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त आहे आणि उभी गाडी सुटल्यावर किती लवकर खाली येतं, या दोन गोष्टी मी बघतो. डब्याजवळचा आकडा चालत्या गाडीत बाहेरच्या हवेच्या पाच-सात अंशांत राहत असेल तर इंटेकला हात लावू नका, तिथे मिळवायला काही नाही. मॅनिफोल्डचा आकडा चढत जाऊन खाली येतच नसेल तर इंटरकूलर. दोन्ही ठीक असून गाडी दमत असेल तर नॉकमुळे (पेट्रोल आपोआप पेटून बसणाऱ्या ठोक्यांमुळे) इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे खेचलं जातंय का ते पाहा. टाकी जवळजवळ रिकामी करून एकदा जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून बघणं हा कुठलाही पाईप कापण्यापेक्षा स्वस्त प्रयोग आहे. काही इंजिनांना त्याने फरक पडतो, काहींना काडीचाही नाही.

आता पाणी. फॉग लॅम्पच्या मागची जागा रस्त्यापासून फूट-सव्वा फुटावर. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. पणजीत '१८ जून' नावाच्या रस्त्यावर आणि मळा भागात पाणी किती पटकन चढतं हे तुम्हाला सांगायला नको. फिल्टर पूर्ण बुडायची गरज नसते. तुम्ही हळू चाललेले असता, समोरून बस येते, तिच्या पुढची लाट तुमच्या बंपरमध्ये शिरते, आणि नेमका त्या वेळी तुम्ही गाडी बंद पडू नये म्हणून अ‍ॅक्सिलरेटर दिलेला असतो. एक लिटरच्या तीन सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरचं आकारमान ३३३ सीसी. कंप्रेशन १० ला १ धरलं तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ३७ सीसी. तेवढं पाणी, म्हणजे चहाच्या छोट्या कपाचा अर्धा भाग, एका सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टनला वर जायला जागा नाही. पाणी दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. बिल लाखाच्या भाषेत बोलतं. साध्या विमा पॉलिसीत पाण्याने इंजिन लॉक होणं सहसा धरलेलं नसतं, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं. आणि ते घेतलेलं असलं तरी बंपरमध्ये न कळवलेला घरगुती फिल्टर सर्व्हेअरला दिसला की वाद सुरू. कायदाही तुमच्या बाजूने नाही: मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलंय. फिल्टरसाठी रस्त्यात कोणी अडवेल असं नाही, पण अपघातानंतरच्या कागदपत्रांत ते निघू शकतं.

कोनावर चढवायचा पाणी न शोषणारा मोजा मिळतो. शिंतोड्यांना ठीक. बुडालेल्या फिल्टरला त्याचा काही उपयोग नाही.

पीव्हीसी पाईपबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. प्लंबिंगचा पीव्हीसी ६० अंशांपर्यंतच्या कामासाठी असतो, ८० च्या आसपास तो मऊ पडतो, आणि टर्बोजवळची जागा त्याहून गरम होते. त्याहून मोठी भीती तुकड्यांची. टर्बोच्या आधीच्या पाईपमधलं सगळं काही शेवटी मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या घेणाऱ्या चाकावर जातं. कापलेल्या कडेचा कीस, एम-सीलचा सुटलेला खडा, ढिल्या क्लिपचा स्क्रू, यातलं काहीही पुरेसं आहे. आणि टर्बोच्या नंतरच्या, बूस्टच्या बाजूला तर पीव्हीसीचं नावही काढू नका.

कंपनीच्या पाईपला दोन-तीन बारीक नळ्या जोडलेल्या असतात, त्या लोक विसरतात किंवा बोळा घालून बंद करतात. एक इंजिनाचा ब्रीदर. बूस्ट असताना इंजिनातली तेलकट वाफ याच वाटेने टर्बोच्या आधी परत ओढली जाते. ती बंद केली तर क्रँककेसमध्ये दाब साठून सील गळतात. उघडी सोडली तर गाडीखाली तेलाचे थेंब आणि बॉनेटमध्ये वास. दुसरी डायव्हर्टर व्हॉल्व्हची (अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर जादा बूस्ट वळवणाऱ्या झडपेची) परतीची नळी, काही गाड्यांत. नवा पाईप केलात तर या सगळ्यांना मूळ मापाची, मूळ जागीच तोंडं द्यावी लागतात.

मास एअरफ्लो सेन्सर असेल तर प्रकरण आणखी नाजूक. तो पाईपच्या ठरलेल्या व्यासात हवेचा वेग बघून वजन काढतो. आतला व्यास ६५ वरून ७५ मिलीमीटर केला की तेवढ्याच हवेला वेग सुमारे पाव भागाने कमी दिसतो. ईसीयूला वाटतं हवा कमी आली, पेट्रोल कमी सोडतो, मिश्रण पातळ. फ्युएल ट्रिमच्या, म्हणजे ईसीयू पेट्रोल आपोआप कमीजास्त करतो त्याच्या, आवाक्याच्या अगदी कडेवरचा हा फरक. पी ०१७१ किंवा पी ०१०१ कोड येऊन चेक इंजिनचा दिवा लागला तर नवल नाही. टर्बो इंजिनात लोडखाली पातळ मिश्रण ही खेळायची गोष्ट नव्हे. तेल लावलेले कापडी फिल्टर असले की जास्तीचं तेल त्या सेन्सरच्या तारेवर बसतं, ते वेगळं. तुमच्या गाडीत हा सेन्सर नसून मॅनिफोल्डवरचा, दाब मोजणारा मॅप सेन्सर असेल तर ही भानगड बरीच कमी होते. डब्यानंतरच्या पाईपवर चार-पाच तारांचा सॉकेट दिसतोय का बघा.

मग घरी करण्यासारखं काहीच नाही का? आहे, पण ते कंपनीचा डबा ठेवून. नळकांड्याचं तोंड आणि बॉनेट यांच्यामधे फट राहत असेल तर तिथे दाराच्या रबरासारखी स्पंज पट्टी चिकटवा, म्हणजे रेडिएटरच्या बाजूची गरम हवा आत वळत नाही. डब्याच्या इंजिनाकडच्या बाजूला चांदीच्या वेष्टनाचं उष्णतारोधक शीट लावा. ट्रॅफिकमधून सुटल्यावर डबा लवकर थंड होतो. नळकांड्याचं तोंड मुळातच रेडिएटरच्या मागे असेल, तशा काही गाड्या आहेत, तर तारेच्या आधाराची सिलिकॉनची लवचिक नळी वापरून ते ग्रिलच्या वरच्या भागापर्यंत पुढे न्या. वरच्या भागापर्यंत, बंपरकडे नाही. साधी रबरी नळी चालणार नाही, ओढीने ती चपटी होते. डब्याच्या तळाला पाणी निघून जायचं छोटं भोक असतं. आवाज कमी करायच्या नादात कोणी ते बुजवलं असेल तर मोकळं करा. काम झाल्यावर डब्यात फिल्टरच्या आधी कोरडा टिश्यू ठेवून ग्रिलवर बागेच्या नळीने पाच मिनिटं पाणी मारा, इंजिन चालू ठेवून. टिश्यूची कड दमट झाली तर चालेल. भिजून लगदा झाला तर तोंडाची दिशा बदला.

फिल्टर मूळ मापाचा कागदी, वेळेवर बदललेला. चार-पाच हजारांचा धुण्याजोगा फिल्टर लावायला माझी हरकत नाही, पण मेन्टेनन्स नियमित करणारा माणूसच त्याचा उपयोग करून घेतो.

कोन बसवलेले मित्र तुम्हाला शपथेवर सांगतील की गाडी उडते. डबा गेला की टर्बोचा फुत्कार आणि व्हॉल्व्हचा सुस्कारा केबिनमध्ये ऐकू येतो, आणि कान तो आवाज पिकअपमध्ये जमा करतात. आवाज हवा असेल तर तसं म्हणा, तो शौक मी समजू शकतो. फक्त त्याला पॉवरच्या खात्यात टाकू नका.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. ईसीयू रीमॅप करून (त्याचं सॉफ्टवेअर बदलून) बूस्ट वाढवलेला असेल तर वरचं बरंच गणित बदलतं. हवा ४० टक्के जास्त लागली की तोच डबा जवळजवळ दुप्पट अडथळा करतो, कारण अडथळा हवेच्या प्रमाणाच्या वर्गाने वाढतो. अशा गाडीत मोठा, बंदिस्त डबा आणि मोठा इंटरकूलर यांना खरंच अर्थ आहे. तुमची गाडी अजून मूळ स्थितीत आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तो विषय इथे वाढवत नाही.

इंटरकूलर धुऊन आणि फिल्टरचं बसणं तपासून झालं की एक दुपार घाटात घालवा आणि तीन आकडे कळवा: बाहेरचं तापमान, चढावर पूर्ण लोडला दिसलेलं सगळ्यात जास्त इनटेक तापमान आणि यू नळीतला मिलीमीटरमधला फरक. सोबत तापमानाचा सेन्सर डब्यावर आहे की मॅनिफोल्डवर, आणि नळकांड्याचं तोंड नेमकं कुठे उघडतं याचा फोटो. तोपर्यंत पाईप कापू नका, आणि कोन फिल्टरचा डबा फोडला नसेल तर परत पाठवायची मुदत किती आहे ते आजच बघून ठेवा.